एल्डरबेरीचं वेळापत्रक

चार आठवडे घरी बसायचं आणि काहीही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मिनिटसाहेबांनी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "किती वाजल्यापासून?"

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे. बायकोने नुसती मान हलवली. 'आता तुम्हाला कळलं ना,' एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

मिनिटसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते बस आगारात वेळापत्रक विभागात होते. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येणार, हे सव्वीस वर्षं तेच ठरवत आले होते. (बस ते ऐकत नसत, हा भाग वेगळा.) त्यामुळे शिपायापासून आगारप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना मिनिटसाहेब म्हणत आणि आता घरी पोस्टमनही तसंच म्हणू लागला होता. टेबलावर तीन फोन, तिन्ही एकदम वाजायचे. त्यात एका सोमवारी, चौदा नंबरची बस सलग पाचव्या दिवशी नऊ मिनिटं उशिरा आल्याची बातमी आली. साहेब तावातावाने खुर्चीतून उठले आणि फायलींच्या कपाटाला टेकून हळूच खाली बसले. दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांचं बीपी एवढं होतं, की डॉक्टरांनी यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःचं मोजून पाहिलं.

"मन रमवा कशात तरी," डॉक्टर म्हणाले. "जिथं घंटा वाजत नाही, घाई नाही, असं हळूहळू चालणारं काहीतरी बघा."

"हळूहळू चालणारं म्हणजे परत बसच की," बायको म्हणाली.

डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत.

शेवटी घरामागच्या मोकळ्या तुकड्यात एक झाड लावायचं ठरलं. निर्णय बायकोचा. ती घरीच शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कपड्यांचे ढीग आणि आरशासमोर 'जरा कमरेत सैल करा हो' म्हणणारी गिऱ्हाइकं असा सगळा संसार होता. नवरा चार आठवडे त्या खोलीत येरझाऱ्या घालणार, या नुसत्या कल्पनेने तिची सुई दोनदा बोटात शिरली होती. झाड मागे होतं, खोली पुढे. मधे दोन दारं.

रोपवाटिकेत पाऊल टाकताच साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांत फास्ट काय आहे?"

रोपवाटिकेच्या बाई हातावरची माती झटकत म्हणाल्या, "कशात फास्ट?"

"वाढण्यात."

"मग एल्डरबेरी न्या. शोभेचं झुडूप आहे. जागा आवडली तर दोन-तीन वर्षांत पुरुषभर होतं."

"आणि नाही आवडली तर आम्हाला कधीपर्यंत कळवेल?"

बाईंनी बायकोला बाजूला घेतलं आणि एक रंगीत फोटो दाखवून त्या बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. बायको फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, "अय्या, खरंच?" असं म्हणत होती. साहेब मात्र फाटकाशी उभे होते, कारण परतीची बस अकरा वाजून सतरा मिनिटांनी होती आणि अकरा वाजून सोळा झाली होती. (ते ऐकायला थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.)

घरी येऊन पाहिलं, तर कुंडीत हातभर लांबीच्या तीन काटक्या.

"ह्यात झाड कुठंय?"

"येईल हो," बायको म्हणाली. "उन्हात लावायचं, रोज एक बादली पाणी घालायचं आणि बाकी त्याच्या नादाला लागायचं नाही."

खड्डा मात्र साहेबांनी झोकात खणला. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, चारही बाजूंनी टेप लावून. काटक्या सरळ आहेत की नाही हे बघायला ओळंबा लावला. मग हातपाय धुऊन त्यांनी मोठा आलेख-कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. पहिला कोंब, बुधवार. पहिलं पान, शुक्रवार. पानं एकूण बारा, पुढचा मंगळवार. बायको भांडी पुसता पुसता ते वाचून म्हणाली, "अहो, त्याला कळवलंय का हे?"

बुधवार आला. कोंब आला नाही.

साहेब मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. पाच मिनिटांनी उठले, वाकून पाहिलं, परत बसले. नखाने एका काटकीची साल किंचित खरवडली. आत हिरवं दिसलं, जीव भांड्यात पडला. पण ती एका काटकीची खात्री झाली, बाकीच्या दोघींचं काय? त्याही खरवडल्या. सकाळची खात्री दुपारी शिळी वाटू लागली, म्हणून दुपारी परत. शनिवारपर्यंत अशी अवस्था आली, की खरवडायला नवी जागा शोधायला भिंग लागायचं.

डॉक्टरांनी दिवसातून एकदा बीपी मोजायला सांगितलं होतं. साहेब झाडाला भेट दिली की प्रत्येक वेळी मोजत. दर वेळी वाढलेलं निघे. ते पाहून आणखी वाढे. मग ते उतरलं का बघायला पुन्हा यंत्र बांधत. वहीची पानं भरत चालली. झाडाला पानं येण्याआधी ह्यांची वही संपणार, असं बायको गिऱ्हाइकांना सांगत होती.

आठव्या दिवशी दुपारी ती कपडे वाळत घालायला मागे आली, तर साहेब गुडघ्यांवर बसलेले, कोपरापर्यंत मातीत, आणि तिन्ही काटक्या मुळांसकट त्यांच्या मांडीवर.

"अहो! हे काय करताय?"

"मुळं धरली का ते बघतोय."

"तुम्ही उपटून मांडीवर घेतल्यावर ती काय धरतील, तुमचा पायजमा?"

तिने झुडूप परत लावलं, पायाने माती दाबली, पाणी घातलं. त्यानंतर खुर्ची आत नेली. साहेब मागच्या अंगणात उभ्यानेच येरझाऱ्या घालू लागले. तीन दिवसांत तिथं गवत जाऊन चांगली पायवाट पडली.

आणि अकराव्या दिवशी, कुणाचंच लक्ष नसताना, कोंब फुटला!

साहेबांना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी आत धावत जाऊन कागदावर लाल शाईने 'सहा दिवस उशीर' अशी नोंद केली, सुधारित वेळापत्रक बनवलं आणि बायकोच्या गिऱ्हाइकाला, ती ब्लाउजचं माप देत असताना, दाराबाहेरून ओरडून बातमी दिली. दोन दिवसांत तिन्ही काटक्यांवर इवलीशी, हिरवट, कातरलेली पानं आली. ते दोन दिवस साहेब जेवले नीट, झोपले नीट. बीपीसुद्धा दोन आकडे उतरलं.

तिसऱ्या दिवशी पानांचा रंग बदलायला लागला. चौथ्या दिवशी ती जांभळी झाली. पाचव्या दिवशी साहेब सकाळी मागचं दार उघडतात तो काय, सगळी पानं काळीठिक्कर!

बायकोला सांगावं, तर ती डॉक्टरांना सांगणार आणि रजा वाढणार. तिला कळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. ती पुढच्या खोलीत मशीनवर होती. साहेबांनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, आणि त्या आवाजाच्या आडून रोपवाटिकेला फोन लावला.

"हॅलो, एल्डरबेरी नेलं होतं तुमच्याकडून. काळं पडलंय."

"किती काळं?" बाईंनी विचारलं.

"डांबरासारखं."

"अरे वा!"

"सगळी पानं, बाई! एकूण एक!"

"छानच की हो. एवढ्या लवकर! ऊन चांगलं मिळतंय म्हणायचं."

साहेबांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. आपलं झाड मरतंय आणि ही बाई टाळ्या पिटतेय. "माणुसकी म्हणून काही चीज आहे की नाही?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. बाईंचं पुढचं वाक्य हवेतच राहिलं.

मग त्यांनी शेजारच्या औषधवाल्यांना भिंतीवरून हाक मारली. औषधवाले दुकानात औषधं द्यायचे आणि घरी सल्ले. दोन्ही एकाच आत्मविश्वासाने. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून भिंतीवरून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"बुरशी."

"नक्की?"

"काळं म्हणजे बुरशीच. साबणाच्या पाण्याने पुसून बघा. नाहीच गेलं, तर पसरायच्या आत कापून टाका. आणि हात धुवा बरं का, त्याची पानं पोटात जाणं चांगलं नाही."

"मी कशाला खाऊ?"

"तुमचं काय सांगता येत नाही," औषधवाले म्हणाले आणि आत गेले.

दोन दिवस साहेबांनी एकेक पान साबणाच्या पाण्याने पुसलं. मशीनचा आवाज सुरू असला की पुसायचं, थांबला की पाठीमागे हात बांधून आकाशाकडे बघत उभं राहायचं. पानं जास्तच काळी आणि वर तुकतुकीत दिसू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको एका गिऱ्हाइकाकडे फिटिंगला गेली. हीच वेळ! साहेबांनी घरभर कात्री शोधली. स्वयंपाकघरातली बोथट होती. मग त्यांनी ते केलं, जे लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी केलं नव्हतं. त्यांनी बायकोच्या मशीनवरची, कापडाची, तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही अशी कात्री उचलली.

पहिली काटकी बुडापासून कापली. दुसरी कापली. पानांचा उग्र, कुजकट वास नाकात गेला. त्यावरून रोगाची त्यांना खात्रीच पटली. सगळं निळ्या पिशवीत भरलं, गाठ मारली, आणि तेवढ्यात दारात आलेल्या कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकलं. परत येऊन तिसऱ्या काटकीला कात्री लावणार, तोच मागून आवाज आला.

"हात काढा."

बायको मागच्या दारात उभी होती. एका हातात पातळ ट्रेसिंगचा कागद, दुसऱ्या हातात पेन्सिल. तिने आधी झुडपाकडे पाहिलं, मग कात्रीकडे. कात्रीकडे जास्त वेळ पाहिलं.

"वाचवलं मी त्याला," साहेब म्हणाले. "दोन काढल्या, ही एक काढली की मुळं तरी वाचतील. काळी बुरशी होती, तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

ती येऊन त्यांच्या आणि तिसऱ्या काटकीच्या मधे उभी राहिली. ती बोलत असते तेव्हा साहेबांना वाद घालता येतो. गप्प राहिली की त्यांना पळायला जागा नसते.

"ते काळंच असतं," शेवटी ती म्हणाली. "जातच तशी आहे त्याची. काळ्या लेससारखी पानं येतात म्हणून तर मी घेतलं. फोटोत होतं. बाईंनी सांगितलं होतं."

"मला कुणी नाही सांगितलं!"

"तुम्ही बसच्या वाटेकडे डोळे लावून उभे होतात."

मग तिने पुढचं सांगितलं. एक गायिका तिची गिऱ्हाईक झाली होती, स्टेजवर गाणारी. पुढच्या आठवड्यात तिचा मोठा कार्यक्रम होता. तिला काळा गाऊन हवा होता आणि गळ्याला, बाह्यांना अशी लेस, की जी बाजारात कुणाकडेच नसेल. बायकोने तिला या पानांची नक्षी सुचवली होती. एवढ्या वर्षांत ब्लाउज शिवणं, बाह्या आखूड करणं आणि चेन बदलणं ह्याच्या पलीकडचं हे पहिलंच काम तिच्याकडे आलं होतं. ती पंधरा दिवस गुपचूप पानं पूर्ण उमलायची वाट बघत होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वेळापत्रक केलं असतंत."

पुढचं वाक्य ऐकायला साहेब थांबलेच नाहीत. पायात चपला नीट न घालताच ते रस्त्यावर होते. कचऱ्याची गाडी केव्हाच वळणावरून गेली होती. पण तिचा रस्ता त्यांना पाठ होता. ह्याच गाडीपायी चौदा नंबर रोज रखडायची! सगळ्या लहान गाड्या अकरा वाजता बाजारामागच्या मैदानात जाऊन मोठ्या ट्रकमध्ये कचरा ओततात. म्हणजे आता चौदा नंबर पकडली, की गाडीच्या आधी मैदानात. आणि चौदा नंबर दहा वाजून बेचाळीसला ह्या थांब्यावर येते. येते म्हणजे येतेच. त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

दहा बेचाळीस झाले. पंचेचाळीस झाले. साहेब थांब्याच्या खांबाभोवती फेऱ्या मारू लागले.

"बसा हो," बाकावरच्या एक आजी म्हणाल्या. "इतक्यात नाही यायची ती."

"बेचाळीसची आहे."

"ते नुसतं लिहिलेलं असतं. कोण मेला लिहितो कोण जाणे. त्याला एकदा इथं आणून उभा केला पाहिजे."

साहेब उभेच होते. त्यांनी मान खाली घातली.

"तुम्ही काय करता?" आजींनी विचारलं.

"सध्या रजेवर आहे."

दहा एक्कावन्नला बस आली. साहेब चढले, आजी चढल्या, आणि कंडक्टरचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मिनिटसाहेब! तुम्ही आणि बसमध्ये?" मग तो सगळ्या बसला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "नऊ मिनिटं लेट आहोत साहेब, पण वेळापत्रकात लिहून घ्या, आमची चूक नाही!"

अख्खी बस वळून बघायला लागली.

"म्हणजे तो तुम्हीच होय?" आजींनी विचारलं.

त्यानंतरचे सहा थांबे साहेब पुढची सव्वीस वर्षं विसरणार नव्हते. एकाला त्यांच्यामुळे मुलाखत चुकली होती. एक बाई नऊ मिनिटांच्या हिशेबाने रोज घड्याळ पुढे लावून ठेवत होत्या आणि त्यामुळे त्यांचं नवऱ्याशी पटत नव्हतं. एक गृहस्थ तर प्रत्येक थांब्यावर स्वतःचं घड्याळ साहेबांच्या नाकासमोर धरत राहिले. मैदान आलं, तेव्हा बस पुरती थांबायच्या आत साहेब खाली उतरले होते.

गाडी आली होती, पण अजून ओतली नव्हती.

"माझी पिशवी टाकलीय ह्यात. निळी," साहेब धापा टाकत म्हणाले.

गाडीवाल्याने मागचं झाकण उघडलं. आत सगळ्याच पिशव्या निळ्या होत्या. "घ्या निवडून," तो म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

अकरा पिशव्या साहेबांनी स्वतःच्या हातांनी सोडल्या. बाराव्या पिशवीतून तो ओळखीचा उग्र वास आला आणि आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं वासानेही.) परतीच्या बसमध्ये त्यांना बसायला अख्खं बाक मिळालं. पुढचं आणि मागचंही.

घरी आले तेव्हा बायको खिडकीजवळच्या टेबलावर वाकलेली होती. काळ्या जाळीच्या कापडावर पांढऱ्या खडूने पानं उतरवलेली, एकापुढे एक, नाजूक, कातरलेली. शेजारी पाण्याच्या पेल्यात एकच काळं पान.

साहेबांनी पिशवी पुढे केली. "आणली. सगळी."

तिने मान वर केली. "मला एकच पान लागत होतं. तिसऱ्या काटकीवरून घेतलं, तुम्ही गेल्या गेल्या."

"मग मला जाऊ का दिलंस?"

"तेवढाच शांत वेळ मिळाला," ती म्हणाली. मग त्यांच्या अवताराकडे, उसवलेल्या बाहीकडे आणि एका पायातल्या चपलेकडे बघून तिला हसू आवरेना. दुसरी चप्पल बसमध्ये राहिली होती. "आधी अंघोळ करा. मग इथं येऊन हे टोक धरा. ताणायचं नाही, नुसतं धरायचं."

साहेब अंघोळ करून आले आणि त्यांनी टोक धरलं. ती कापत होती, कात्री हळूहळू पानाच्या कडेने वळत होती, आणि एकेक पान जाळीतून मोकळं होत होतं. मधेच ती म्हणाली, "दोन तास झाले, हात दुखला का?" तेव्हा साहेबांना कळलं की दोन तास झाले. घड्याळ अंघोळीच्या वेळी काढलं होतं, ते घालायचंच राहिलं होतं. ते पुढच्या चार दिवसांतही रोज दुपारी टोक धरायला बसले. कधी नक्षी चुकतेय असं वाटायचं, जीभ शिवशिवायची, पण ते ओठ घट्ट मिटून बसायचे.

गाऊन वेळेत झाला. गायिकेने आरशासमोर उभं राहून बाही डोळ्यांजवळ नेली आणि बायकोला चक्क मिठी मारली. दोनच दिवसांनी तिच्याच ओळखीच्या दोघीजणी आल्या. मागे कापलेल्या काटक्यांच्या बुडांतून नवे काळे कोंब डोकावत होते. साहेब लांबूनच त्यांना बघून घरात येत. निदान बायको बघत असताना तरी.

चार आठवडे संपले. ठरलेल्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी साहेबांचं बीपी मोजलं, वही चाळली, आकडे बघून भुवया चढवल्या, मग सहज म्हणाले, "आलाच आहात तर वहिनी, तुमचंही मोजून टाकू." तिचंही मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग पॅड पुढे ओढलं आणि साहेबांना उद्यापासून कामावर रुजू व्हायला हरकत नसल्याचं सर्टिफिकेट लिहून सही ठोकली.

साहेबांची छाती फुगली. "म्हणजे माझं उतरलं तर!"

"तुमचं होतं तेवढंच आहे," डॉक्टर म्हणाले. "ह्यांचं चढलंय. तुम्ही घरी बसू नका."